पाऊस केव्हा सुरू करायचा

संस्थेत त्यांना सगळे ढगोबा म्हणत, कारण हवामानाच्या संगणकीय मॉडेलमधले ढग गेली अठ्ठावीस वर्षं त्यांच्याच ताब्यात होते. एका मंगळवारी या ढगोबांना एका वेबपेजने अडवलं.

तोवर प्रयोग करायचा म्हणजे ते फाईल उघडत, चार आकडे बदलत, यंत्राला कामाला लावत आणि चहाला जात. काय बदललं, का बदललं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. आणि डोकं तर पुढच्या वर्षी निवृत्त होणार! म्हणून वरून फतवा निघाला: यापुढे प्रयोग वेबपेजवरूनच चालवायचे आणि प्रत्येक आकडा कुठून आला, त्याची नोंद करायची. नोंद नाही तर 'चालवा' हे बटण दाबलंच जाणार नाही.

ढगोबांनी तारीख भरली, मॉडेलची आवृत्ती भरली. मग ती ओळ आली. ढगात पाणी किती साचलं की मॉडेलने पाऊस सुरू करायचा? पॉइंट सदतीस. स्रोत?

"नेहमीचाच," त्यांनी लिहिलं. पेज म्हणालं, किमान वीस अक्षरं हवीत. मग त्यांनी तोच शब्द सहा वेळा लिहिला. पेज गप्प बसलं, पण ते बनवणारी मुलगी तडक त्यांच्या टेबलाशी आली.

"सर, हे सगळ्यांना दिसतं हो."

"अगं, हा आकडा सगळं जग वापरतं!"

"मग सोपंच आहे की. जगाने कुठून घेतला तेवढं लिहा."

ढगोबा शोधायला बसले. पहिल्या शोधनिबंधाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसरा होता त्यांच्या जुन्या जोडीदाराचा. तो निवृत्त होऊन टोमॅटो लावत होता. त्यांनी त्याला फोन लावला.

"पॉइंट सदतीस? लेका, तो तुझाच की! तुझ्या प्रबंधातून उचलला मी."

प्रबंध माळ्यावर होता. बायकोने स्टूल धरलं. पान एकशे चारवर लिहिलं होतं, 'जोडीदाराशी झालेल्या चर्चेनुसार.'

"झालं! मी त्याच्याकडून घेतला आणि त्याने माझ्याकडून," ढगोबा स्टुलावरच बसले.

"अहो, चर्चा कसली? भांडण होतं ते," बायको म्हणाली. "प्रबंध द्यायचा आदला दिवस. तो म्हणत होता चाळीस, तुम्ही पस्तीस. अन्न गार होत होतं. मी म्हटलं, सदतीस करा आणि जेवायला बसा."

ढगोबांच्या तोंडचं पाणी पळालं. पण माणूस सरळ. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्रोताच्या रकान्यात लिहून टाकलं, "बायकोने सुचवला, जेवणाआधी. मोजमाप नाही." पेजने बायकोचा ईमेलही मागितला. तोही त्यांनी दिला.

पेज होतं भलतंच कर्तव्यदक्ष. तो आकडा वापरणारे दोनशे बारा प्रयोग त्याने हुडकले आणि प्रत्येकासाठी बाईंना एकेक पत्र धाडलं: कृपया आपल्या आकड्याची खात्री करावी. बाईंनी पहिल्याच पत्राला उत्तर दिलं, "मला तेव्हा भूक लागली होती. तुम्हीच मोजून बघा." ते उत्तर दोनशे बारा नोंदींना आपोआप चिकटलं.

संस्थेत हलकल्लोळ झाला. समिती बसली. "झाकली मूठ होती ती," संचालक ढगोबांवर कडाडले, "उघडायची काय गरज होती?" तीन बैठकांनंतर तोडगा निघाला: स्रोताच्या यादीत एक नवा पर्याय घालायचा, 'प्रदीर्घ परंपरा'. आठवडाभरात निम्म्या संस्थेने तोच निवडला. बायकोचं उत्तर नोंदींवरून काढून टाकावं, असाही ठराव झाला. पण काढलं की का काढलं ते लिहावं लागत होतं, म्हणून ते राहिलं.

ढगोबांना मात्र चैन पडेना. त्यांनी पर्जन्यमापकांच्या आणि उपग्रहांच्या वीस वर्षांच्या नोंदी मागवल्या आणि आकडा थोडा थोडा बदलत चाळीस प्रयोग लावले. रोज सकाळी येऊन मॉडेलचा पाऊस खऱ्या पावसाशी ताडून बघत. कित्येक वर्षांत प्रथमच ते चहा विसरले. महिन्याभराने त्यांनी त्या मुलीला बोलावलं.

"समुद्रावरच्या ढगांना एक आकडा जुळतो, जमिनीवरच्यांना दुसराच."

"पण सर, पेजवर रकाना एकच आहे."

"मग दोन कर," ढगोबा म्हणाले आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.