पेन्सिलीचा ठिपका

काकांची तीस वर्षं कोंबडीची अंडी उबवण्यात गेली होती. उबवणी केंद्र बंद पडलं आणि ते घरी बसले, तेव्हा सूनबाई गमतीने म्हणाली, "आता अंथरूण उबवा." ती गंमत काकांच्या मनाला लागली. म्हणून किनाऱ्यावरच्या कासव केंद्रातल्या मॅडमनी बोलावणं पाठवलं, तेव्हा निरोप आणणाऱ्याच्या आधी काकाच तिथे जाऊन पोचले.

चोचवाली कासवं जगातून नाहीशी होत चालली आहेत. त्या किनाऱ्यावर पूर्वी त्यांच्या माद्यांची रीघ लागायची. यंदा एकच आली, आणि तिनेही अंडी घातली ती नेमकी भरतीच्या तोंडाशी. मॅडमनी लगोलग ती उचलून केंद्रात आणली. वाळूच्या पेट्यांत एकशे वीस अंडी मांडली आणि प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीने ठिपका दिला.

"तुम्हाला मी काय शिकवणार, काका! तुमचा तर यात हातखंडा," असं म्हणून त्या आपल्या कामाला लागल्या. रोज संध्याकाळी येऊन पेट्या बघायच्या आणि समाधानाने मान हलवायच्या.

ठिपके बघून काका मनात हसले. हे काय त्यांना सांगायला हवं होतं? अंडं फिरवलं नाही तर आतलं पिल्लू कवचाला चिकटून मरतं. कुठलं फिरवलं ते कळावं म्हणून तर खूण करतात! सकाळी ठिपका खाली, संध्याकाळी मॅडम यायच्या आत ठिपका वर. एक दिवस खाडा नाही, तापातसुद्धा नाही. एक अंडं तेवढं वेडंवाकडं, सुरकुतलेलं होतं. त्यातून काही निघायचं नाही, म्हणून त्याला त्यांनी हातच लावला नाही.

दोन महिने उलटले. पेट्या गप्पच. आणखी पाच दिवस वाट पाहून मॅडमनी एकेक अंडं उघडायला घेतलं. आत इवलेसे जीव, सगळे सुरुवातीच्या दिवसांतच थांबलेले. काकांना रडू आवरेना. बायको गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते.

तेवढ्यात त्या सुरकुतलेल्या अंड्याचं कवच फाटलं आणि एक चिमुकली चोच बाहेर आली.

"जगलं!" मॅडम ओरडल्या. "काका, याला काय वेगळं केलंत?"

"काहीच नाही. उलट, याला तेवढं फिरवलं नव्हतं. बाकीची रोज दोनदा..."

मॅडमचा चेहरा पाहून ते थांबले.

"काका, कासवाचं अंडं फिरवायचं नसतं." मॅडम म्हणाल्या. "जीव वरच्या बाजूला चिकटून वाढतो. उलटलं की संपला. ठिपका कायम वर राहावा म्हणून होता. मी सांगायला हवं होतं. चूक माझीच."

चूक कोणाची, याने आता काय होणार होतं? एकशे एकोणीस जीव काकांनी मायेने, वेळेवर, न चुकता मारले होते.

पिल्लू पेटीच्या कडेशी धडपडत होतं. मॅडमनी ते अलगद उचललं आणि डोळे पुसत पुढे केलं. "चला, पाण्याकडे नेऊ. तुम्हीच सोडा याला."

काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको मॅडम," ते म्हणाले. "माझा हात नको लागायला."