पत्ता आढळला नाही

घरात तो धाकटा. पन्नाशी उलटली, केस निम्मे गेले, तरी ताईच्या लेखी धाकटाच; म्हणून आपणही त्याला धाकटाच म्हणू. ऑफिसात मात्र तो कक्ष अधिकारी होता, आणि त्याच्या कक्षाचं काम काय, तर इंटरनेटवरची पानं बंद करणं. वरून यादी यायची, ही चाळीस पानं लोकांत घबराट पसरवतात, बंद करा. कायदा तसा बरा होता हो! आधी पान चालवणाऱ्याला शोधा, नोटीस द्या, त्याचं म्हणणं ऐका, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. माणूस सापडलाच नाही, तरच न विचारता बंद करायची मुभा. पण माणूस सापडला की सुनावणी आली, सुनावणी आली की तीन साहेबांच्या वेळा जुळवणं आलं. कोण ही ब्याद गळ्यात घेणार? धाकट्याने सरळ एक रबरी शिक्काच करून घेतला: ‘पत्ता आढळला नाही.’ चाळीस पानं, चाळीस शिक्के, सकाळच्या चहाच्या आत काम फत्ते. एकही पान उघडून बघायची तसदी त्याने कधी घेतली नाही.

ताई तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. आता निवृत्त होऊन आईवडिलांच्या घरात एकटीच राहायची. धाकटा दर रविवारी तिच्याकडे जेवायला जायचा. अशाच एका रविवारी ती म्हणाली, "माझं पान बंद केलंय रे कुणीतरी."

"कसलं पान?"

"घ्या! तुला दहादा सांगितलं असेल. रोज दवाखान्यात चक्कर टाकून कुठलं औषध संपलंय ते मी लिहिते. लांबून येणाऱ्यांचा हेलपाटा वाचतो. एका शब्दाने मला विचारलं नाही मेल्यांनी. तुझंच खातं ना ते? जरा बघ की."

"बघतो," धाकटा म्हणाला आणि आणखी भात वाढून घेतला.

सोमवारी त्याने यादी काढली. अनुक्रमांक सतरा. शिक्का जरा तिरका पडला होता, खाली सही त्याचीच. बंद केलेली पानं त्याच्या टेबलावरच्या संगणकावर उघडायची. त्याने ते पहिल्यांदा उघडलं. तळाशी ताईचं नाव, फोन नंबर, आणि ‘काही चुकलं असेल तर घरी येऊन सांगा’ असं लिहून पुढे घराचा अख्खा पत्ता. त्याच घराच्या दाराच्या चौकटीवर वडिलांनी दर वाढदिवसाला पेन्सिलीने त्याची उंची मोजून ठेवली होती. धाकट्याचे कान तापले. शेजारच्या टेबलावरचा कोणी बघतोय का, हे त्याने आधी पाहिलं. माणूस शरमेतही आधी आजूबाजूलाच बघतो, काय म्हणावं!

पुढच्या रविवारी सांगायचं, असं त्याने ठरवलं. पुढच्या रविवारी तो म्हणाला, "चौकशी चालू आहे." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी ताई वाढता वाढता म्हणाली, "काल एक म्हातारा तीन तासांचा प्रवास करून इन्सुलिन घ्यायला आला. नव्हतंच. पान चालू असतं तर निघालाच नसता बिचारा." धाकट्याच्या घशात घास अडकला. ताईने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि पाठीवरून हात फिरवला. त्या हाताने तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पाणी पिऊन तो म्हणाला, "चौकशी चालू आहे."

शेवटी ताईनेच कोर्टात अर्ज टाकला. बोलायचा हक्क घटनेने दिलाय, तो मला न विचारता काढून घेणारे हे कोण, एवढंच तिचं म्हणणं. कोर्टाने संबंधित अधिकाऱ्याला हजर राहायला सांगितलं.

"त्यात काय एवढं?" साहेब धाकट्याला म्हणाले. "कसून शोध घेतला, सापडला नाही, असं सांगायचं. तपासायला येतंय कोण?"

"साहेब, ती बाई..." धाकट्याने सुरुवात केली आणि ‘माझी बहीण आहे’ हे गिळून टाकलं.

कोर्टात ताई मागच्या बाकावर बसली होती. त्याला बघून तिचा चेहरा खुलला. पिशवी मांडीवर घेऊन तिने शेजारी जागा केली. "रजा टाकून आलास? बरं झालं रे. एकटीला धडधडत होतं," ती कुजबुजली. तो बसतो न बसतो तोच पुकारा झाला, "कक्ष अधिकारी!" धाकटा उठला. ताई आधी इकडेतिकडे बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं.

न्यायाधीशांच्या हातात त्या पानाची छापील प्रत होती. "पत्ता तर इथेच लिहिलाय. तुम्ही शोध घेतला होता?"

साहेबांचं वाक्य जिभेवर तयार होतं. धाकट्याने मागे पाहिलं. ताईने पिशवी पुन्हा त्याच्या जागेवर ठेवली होती.

"नाही साहेब. पान उघडलंच नाही. कुठलंच उघडत नाही मी, शिक्का मारतो. आणि हा पत्ता... हा पत्ता शोधायची गरज नव्हती. मी त्याच घरात वाढलो. ही माझी सख्खी बहीण."

कोर्टात कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं.

निकाल तिथल्या तिथे झाला. पान आजपासून चालू. त्या शिक्क्याने बंद केलेलं प्रत्येक पान पुन्हा तपासा. आणि खात्याला अजूनही या बाईंचं पान बंद करायचं असेल तर रीतसर नोटीस द्या, म्हणणं ऐका. नोटीस याच अधिकाऱ्याने स्वतः घरी नेऊन द्यायची.

खात्याला अजूनही ते बंद करायचंच होतं. गुरुवारी धाकटा नोटीस आणि पोचवही घेऊन त्या दारात उभा राहिला. एरवी बेल न वाजवता आत शिरायचा, आज वाजवली. पेन्सिलीच्या खुणा त्याच्या खांद्याशी होत्या. त्याने नजर दुसरीकडे वळवली.

ताईने दार उघडलं, चष्मा लावला, उंबऱ्यात उभ्यानेच नोटीस शेवटपर्यंत वाचली. पोचवहीत सही केली. सहीखाली मोठ्या, सुट्या अक्षरांत घराचा सगळा पत्ता लिहिला, पिनकोडसकट, आणि वही परत दिली.

"ताई, मी..."

"सुनावणी सोमवारी आहे ना?"

"हो."

"मग रविवारी जेवायला येऊ नकोस," ती म्हणाली. "मला तयारी करायचीय."