तुमची मुलगी या क्षणी कुठे आहे?

कुणी न मागितलेली पत्रं लिहिणं हे माझं काम होतं. नैरोबीत न्गाँग रोडवरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आम्ही सहा जणी आणि एक म्हातारा बसायचो. कुणाला पाण्याच्या टाक्या विकायच्या असत, कुणाला दातांचा विमा, कुणाला मक्याचं बियाणं. ते आमच्याकडे यायचे आणि ज्यांनी त्यांचं नावही ऐकलेलं नाही अशा हजारो लोकांना आम्ही ईमेल पाठवायचो. शंभरातले ऐंशी-नव्वद जण तो न उघडताच पुसून टाकायचे.

म्हाताऱ्याचं नाव बरासा. तो पूर्वी वर्तमानपत्रात मथळे द्यायचा. नव्या मुलींना शिकवायचं काम त्याच्याकडे होतं आणि शिकवायचा तो एकच गोष्ट. मेलच्या विषयाची ओळ आणि आतलं पहिलं वाक्य यांची जोड जमली पाहिजे.

"विषयात पाणी म्हणालीस ना, मग पहिल्या वाक्यात पाणीच दे," तो म्हणायचा. "तिथं 'आमची कंपनी अमुक साली स्थापन झाली' असं सुरू केलंस की गेला तो माणूस. परत येत नाही."

सकाळी दहाच्या चहाला तो कागदाच्या पट्ट्या टेबलावर पसरायचा. वीस पट्ट्यांवर विषय, वीसांवर पहिली वाक्यं. मिसळून टाकायचा आणि म्हणायचा, लावा जोड्या. एकदा एकीनं 'तुमच्या टाकीला गळती आहे का?' याच्यापुढे 'सुंदर हसू हा तुमचा हक्क आहे' ठेवलं.

"वा!" बरासा म्हणाला. "टाकी गळतेय आणि हा दात काढून हसतोय."

माझ्या जोड्या सगळ्यांत आधी लागायच्या. आम्ही किसी जिल्ह्याकडची माणसं बोलण्यात तिखट, असं तो म्हणायचा, पण माझं काम बघून खूश व्हायचा हे मला कळत होतं. दोन वर्षांत मी तिथली सगळ्यांत भरवशाची लिहिणारी झाले होते.

मे महिन्यात एक नवं काम आलं. शाळकरी मुलींच्या मनगटात घालायचं एक कडं. मूल कुठे आहे ते आईबापांना फोनवर दिसतं. बोर्डिंग शाळांतल्या मुलींच्या पालकांची यादी कड्याच्या कंपनीनंच दिली होती, चार हजार सहाशे नावं. आमची मालकीण चेलिमो माझ्याहून वर्षादोन वर्षांनीच मोठी. ती माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "केरूबो, हे तू कर. असं लिही की आई उठून बसली पाहिजे."

मी लिहिलं.

विषय: तुमच्या मुलीबद्दल.

पहिलं वाक्य: तुमची मुलगी या क्षणी कुठे आहे?

त्याच्याखाली: आम्ही सांगू शकतो.

कड्याचं नाव पाचव्या ओळीत येत होतं. शेवटी, नेहमीप्रमाणे, माझं नाव आणि ऑफिसचा पत्ता. खाली खऱ्या माणसाचं नाव असलं की विश्वास बसतो, हेही मी बरासाकडूनच शिकले होते.

बरासानं चष्मा लावून वाचलं. मग चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"जोड घट्ट आहे," तो म्हणाला. "माझ्यानं झाली नसती."

"मग?"

"कडं वर घे. विषयातच घे. 'मुलीसाठी कडं' असं लिही."

"सर, ते कोण उघडेल?"

"ज्याला कडं हवंय तो उघडेल. पोरी, हे वाचून माणूस घाबरतो गं. घाबरलेल्या माणसाला आपण काय विकणार?"

चेलिमोनं ते ऐकलं. "घाबरलेलाच तर विकत घेतो, सर," ती हसून म्हणाली. मीही हसले. ते हसणं मला अजून आठवतं, कारण त्यात थोडी शेखी होती. म्हाताऱ्याला न जमलेलं मला जमलं होतं.

मंगळवारी सकाळी मेल गेला. दुपारपर्यंत दोन हजार नऊशे लोकांनी तो उघडला होता. आमच्या ऑफिसात असं कधी झालं नव्हतं. चेलिमोनं सगळ्यांसाठी सामोसे मागवले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. बरासानं सामोसा घेतला, पण तो तसाच कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

गुरुवारी साडेनऊला खालून वॉचमनचा फोन आला. "केरूबोताई, एक बाई आल्यात. कांगुंडोहून. तुमच्याकडे त्यांची मुलगी आहे म्हणतात."

मला काही उलगडलं नाही. कुणीतरी पत्ता चुकलं असेल असं वाटून मी म्हटलं, पाठव वर.

बाई चाळिशीच्या असतील. इस्त्रीचा झगा, डोक्याला रुमाल, दोन्ही हातांत पिशव्या. जिना चढून धाप लागली होती तरी बसायला तयार नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पिशव्या खाली ठेवून माझे दोन्ही हात धरले.

"केरूबो म्हणजे तूच ना? तूच लिहिलंस ना? माझी मुएनी बरी आहे ना? एवढंच सांग आधी. बरी आहे ना?"

मग त्यांनी फोन काढून माझा मेल मला दाखवला.

"पहिल्या तीन ओळी वाचल्या आणि मला पुढचं दिसेचना," त्या म्हणाल्या. "खाली पत्ता होता तेवढा लिहून घेतला. मुएनीचे बाबा म्हणाले, आधी फोन कर, लबाड लोक असतात. मी म्हटलं, लबाड माणूस स्वतःचं नाव-पत्ता देईल का?"

त्या बोलत बोलत एक पिशवी उघडत होत्या. आत धुतलेला फ्रॉक होता, आतले कपडे, तेलाची बाटली, कंगवा, नवी चप्पल. "माप मागच्या वर्षीचं आहे. आता पाय वाढला असेल. दुसऱ्या पिशवीत उकडलेली रताळी आहेत, तिला आवडतात. कुठे आहे ती? आत आहे का?"

आमच्या मुलींनी टाइप करणं थांबवलं होतं. चेलिमो तिच्या खोलीच्या दारात आली आणि तिथंच उभी राहिली.  दोन वर्षं मी दिवसाला तीस पहिली वाक्यं लिहिली होती आणि त्या बाईला सांगायला माझ्याकडे एक नव्हतं.

"आई, बसा ना," मी म्हटलं.

"बसते गं. आधी सांग."

"आई, तो मेल मी लिहिलाय. पण मुएनीची मला काही माहिती नाही. तो एक कडं विकायचा मेल होता."

"कसलं कडं?"

"हातात घालायचं. शाळेतल्या मुलींचं."

त्यांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावल्या नाहीत. एखाद्या पोराला गणित नीट वाचायला सांगावं तसं म्हणाल्या, "नाही, नाही. तू विचारलंयस, मुलगी कुठे आहे. मग म्हणालीस, आम्ही सांगू शकतो. बघ ना, इथं आहे."

"हो, आई."

"मग?"

 त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "पुढचं वाच. मला ऐकव."

मी उभ्यानं सगळा मेल वाचून दाखवला. कड्याचे तीन रंग होते ते वाचलं. ते पाण्यात भिजलं तरी चालतं ते वाचलं. आजच मागवणाऱ्याला दुसरं अर्ध्या किमतीत, तेही वाचलं. माझंच लिहिणं होतं आणि संपता संपत नव्हतं.

वाचून झाल्यावर त्या खुर्चीत बसल्या. "किती जणांना पाठवलंस?"

"चार हजार सहाशे."

"त्यांतलं अजून कुणी आलं?"

"नाही."

"म्हणजे मी एकटीच," त्या म्हणाल्या आणि फ्रॉकची घडी घालायला लागल्या. घडी जमेना. बरासा उठला, गुडघे धरत त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला आणि फ्रॉकचं दुसरं टोक धरलं.

"मुएनीबद्दल सांगा मला," तो म्हणाला.

त्यांनी सांगितलं. सोळा वर्षांची होती. सत्राच्या मधल्या सुटीला घरी आली होती, ती संपल्यावर शाळेत परत जायला निघाली. आईनं स्टँडवर गाडीत बसवून दिलं, खिडकीतून हात हलवला. शाळेत पोहोचली नाही. चौदा महिने झाले. पोलिसांनी वहीत लिहून घेतलं, दोनदा. शाळेनं तिचं नाव पटावरून काढलं, पण पालकांच्या यादीत आईचं नाव तसंच राहिलं होतं.

चेलिमो आत गेली आणि दार लावून घेतलं. तिच्या खोलीची काच अर्धीच रंगवलेली होती. ती टेबलावर डोकं टेकून बसलेली सगळ्यांना दिसत होती.

मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. वाटेत शाळेच्या कपड्यातली मुलगी दिसली की त्यांची मान वळायची. बसच्या पायरीवर त्यांनी रताळ्यांची पिशवी माझ्या हातात दिली. "परत कशाला नेऊ. तुम्ही मुली खा."

"आई, मला शिव्या तरी द्या."

"काय देऊ?" त्या म्हणाल्या. "काल रात्री पिशव्या भरून पडले आणि मला झोप लागली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. सकाळी मुएनीच्या बाबांनी हलवून उठवलं." त्यांनी माझ्या गालाला हात लावला. त्याऐवजी शिवी असती तर बरं झालं असतं.

मी परत आले आणि बरासाला म्हटलं, त्याच चार हजार सहाशे जणांना दुसरा मेल पाठवायचा. मुएनीचा फोटो लावून. मुएनीच्या आईला फोनवर विचारलं, त्या हो म्हणाल्या. चेलिमोनं मात्र नकार दिला.

"यादी आपली नाही, केरूबो. ज्यांची आहे त्यांनी कोर्टात खेचलं तर?"

 मग तिनं पर्स उचलली. "मी जेवायला चाललेय. तासाभरात येईन. माझं मशीन चालूच आहे."

बरासा आणि मी तिच्या खुर्चीपाशी बसलो. त्यानं विषय लिहिला: मुएनी किओको, वय सतरा, हरवली आहे. मी पहिलं वाक्य लिहिलं: ही मुलगी गेल्या वर्षी मार्चमध्ये कांगुंडोहून शाळेला जायला निघाली आणि पोहोचली नाही. त्यात आम्ही दोघांनी एक अक्षर बदललं नाही.

तो मेल तीनशे चौऱ्याहत्तर जणांनी उघडला.

बाकीच्यांनी पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं असणार. मंगळवारी ज्या केरूबोनं त्यांच्या पोटात गोळा आणला आणि कडं पुढे केलं, तीच ही. एकतीस उत्तरं आली. पंधरा-वीस जणांनी प्रार्थना करतो म्हणून लिहिलं. एका बापानं विचारलं, 'या फोटोतल्या मुलीला मॉडेलिंगचे किती पैसे दिले?' एकीनं लिहिलं, 'लाज वाटू दे.' ती दोन्ही उत्तरं मी मुएनीच्या आईला सांगितली नाहीत.

एक उत्तर थिकाहून होतं. बाजारातल्या वेण्या घालायच्या दुकानात अशीच एक मुलगी काम करते, डाव्या भुवईवर व्रण आहे. मुएनीलाही तिथंच व्रण होता.

रविवारी मी आणि मुएनीची आई थिकाला गेलो. मुलगी एका गिऱ्हाईकाच्या डोक्यावर वाकून उभी होती. तिनं मान वर केली आणि ही मुएनी नाही हे मला आधी मुएनीच्या आईच्या चेहऱ्यावरून कळलं. व्रण होता, पण उजव्या भुवईवर. आई तिथंच उंबऱ्यात थांबल्या. मग आत गेल्या, त्या मुलीचं नाव विचारलं, गाव विचारलं.

"घरी सांगून आलीस का?"

मुलीनं गिऱ्हाईकाची वेणी पुन्हा हातात घेतली.

"फोन कर आईला," मुएनीची आई म्हणाल्या. "काही बोलली नाहीस तरी चालेल. नुसता आवाज ऐकू दे." आणि त्यांनी पिशवीतली नवी चप्पल काढून तिच्यापुढे ठेवली. तिला ती बरोबर बसली.

 परतीच्या गाडीतून उतरताना त्या म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही, बाळा. पण आता मला फोन करू नकोस. तुझं नाव फोनवर आलं की माझा जीव वर येतो, आणि मग तू म्हणतेस, कशा आहात. ते मला झेपत नाही. खरीच काही खबर असली तरच कर."

मी जूनअखेर ती नोकरी सोडली. कुणी काढलं नाही. चेलिमोनं तर दोनदा फोन करून बोलावलं. आता मी एका दवाखान्यात रोग्यांना तारखा कळवायचं काम करते. 'तुमची तपासणी सोमवारी आठ वाजता आहे' असं असतं. बरासा बुंगोमाला मुलाकडे गेला.

मुएनी सापडलेली नाही. मधून मधून त्या तीनशे चौऱ्याहत्तरांपैकी कुणीतरी लिहितं, पोरगी मिळाली का? मी त्यांना उत्तर लिहिते, अजून नाही. कांगुंडोला मी फोन केलेला नाही. करण्यासारखं काही हाती लागलेलं नाही.