डाव्या हाताचा मोजा

आईंनी ऋताच्या डाव्या हातावर पहिल्यांदा मोजा चढवला तो सोमवार होता. शुक्रवारी ऋता पहिल्यांदा अडखळली. "म-म-मला पाणी," म्हणाली. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीनं एक टिंब काढलं. आता पाच आठवडे झालेत. टिंब नसलेला एकच दिवस आहे, आणि त्या दिवशी ती तापानं झोपून होती.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, गोदावरीबाई. ऋता साडेतीन वर्षांची. ती डाव्या हातानं जेवते, बाकी तक्रार काही नाही. पण रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात सणावाराला पंचवीस पानं बसतात, आणि नात डाव्या हातानं वरणभात कालवताना दिसली की आईंचा जीव अर्धा होतो. म्हणून जेवायच्या वेळी तिच्याच पायातला पांढरा मोजा हातात, मनगटाशी रिबिनीची गाठ. मारत नाहीत, ओरडत नाहीत. लाडानं म्हणतात, "आण माय, तुझी बाहुली झोपवू." आणि ऋता आपणहून हात पुढे करते. मला त्या पुढे केलेल्या हाताचीच जास्त भीती वाटते.

"आई, ती बोलताना अडखळायला लागलीय," मी एकदा धीर करून म्हटलं.

"त्याचा न् ह्याचा काय संबंध? पराग बी असाच होता. सुधरलाच ना तो?"

पराग, माझा नवरा, उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये विक्री बघतो. सुधारला म्हणजे उजव्या हातानं जेवतो, लिहितो. पण मालकांचा फोन आला की अजून "स-स-सर" म्हणतो. घरात ते कोणाला ऐकू येत नाही. मला येतं. मुलांच्या डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी ऋताचे गाल ओढले आणि सांगितलं, या वयात पुष्कळ मुलं अडखळतात, लक्ष देऊ नका. लक्ष न देणं मला आजवर कधी जमलेलं नाही.

ह्याच पाच आठवड्यांत आमच्या घरात गोल्फ आलं. परागचे मालक दर रविवारी नव्या रायपुरात गोल्फ खेळतात, बडी गिऱ्हाइकं घेऊन. त्यांनी आपला जुना सेट परागच्या गाडीत ठेवायला लावला. "सीख लो. अगले महीने टूर्नामेंट में मेरे साथ खेलोगे." नाही म्हणायची सोय नव्हती. पराग रोज संध्याकाळी गच्चीवर स्पंजचे चेंडू मारायचा. डोकं हलवायचं नाही, डावा हात ताठ, खांदा आधी वळवायचा, कंबर मागून, सगळं मोबाइलवर बघून पाठ केलेलं. पण चेंडू सरळ जाईल तर शपथ. प्रत्येक वेळी वळून उजवीकडे, शेजारच्या शांताबाईंच्या गच्चीत. त्या दर दोन दिवसांनी पिशवी भरून आणून द्यायच्या. "घ्या, तुमच्या कोंबडीची अंडी."

परागला वाटलं काठीचा दांडा कडक आहे. मग वाटलं मूठ बारीक आहे, त्यावर जाड रबर चढवून आणलं. मग बूट. मग हातमोजा. उजव्या हाताचा खेळाडू मोजा डाव्या हातात घालतो, हे मला तेव्हा कळलं. तीन वेगवेगळे आणले, तिन्ही पांढरे.

एकदा ऋता जेवून उठून वर आली. तिचा मोजा काढायचा राहिला होता. बापाच्या हाताकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बाबाला प-प-पण मोजा?"

पराग हसला. "हो, बाबा पण शहाणा बच्चा!"

मला हसू आलं नाही.

शेवटी त्यानं शिकवणाऱ्या माणसाची वेळ घेतली. रविवारी सकाळी आम्ही तिघं नव्या रायपूरच्या गोल्फ मैदानावर गेलो. हिरालाल त्याचं नाव, साठीच्या आसपासचा. तरुणपणी दुसऱ्या शहरात खेळाडूंच्या पिशव्या उचलायचा, बघून बघून शिकला, आता परत येऊन इथं शिकवतो. मी आणि ऋता मागच्या बाकावर बसलो. आजी जवळ नव्हती, मोजा नव्हता, ऋता काडीनं मातीत डाव्या हातानं गोल काढत होती. तरी दोनदा अडखळली. म्हणजे आता मोजा लागतही नाही की काय, असं माझ्या मनात आलं.

हिरालालनं परागचे दहा-बारा चेंडू बघितले. सगळे उजवीकडे. त्यानं ना पाय सरकवायला सांगितले, ना खांदा. खिशातून एक चेंडू काढला आणि एकदम, "भैया, पकड़ो!" म्हणून फेकला.

परागनं झेलला. डाव्या हातात.

"आप डेरी हो का?"

"मतलब?"

हिरालालनं आपला डावा हात वर केला. "ये डेरी." मग उजवा. "ये जेवनी."

छत्तीसगढीत उजव्याला जेवनी म्हणतात हे मी पाऱ्यात हजारदा ऐकलं होतं. त्या दिवशी मात्र मला त्यात जेवण ऐकू आलं. जेवायचा हात.

"न-न-नहीं, मैं राइटी हूँ," पराग म्हणाला.

"बचपन से?"

परागनं चेंडू हळूच उजव्या हातात घेतला. हिरालाल आत जाऊन एक काठी घेऊन आला. डावखुऱ्यांसाठी म्हणून त्याच्याकडे तेवढी एकच होती. दोन्ही काठ्यांची लोखंडी टोकं त्यानं शेजारी शेजारी धरली. "देखो, इसका एक ही मुँह रहता है. उल्टी तरफ से मारोगे तो पीठ लगेगी. ये साहब वाला डंडा आपका नहीं है, भैया. और वो ग्लव्ह निकालो."

परागनं डाव्या हातातला मोजा काढला. इतके दिवस घालून मनगटाशी कडेची रेघ उमटली होती. तो उलट्या बाजूनं उभा राहिला, अवघडून. पहिला फटका हवेतच गेला. दुसरा चेंडूच्या डोक्याला घासून गेला. तिसऱ्याला वेगळाच आवाज आला. मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, पण तो आवाज कळला. चेंडू सरळ गेला, झेंड्याच्याही पुढं.

मी टाळी वाजवणार होते. त्याचा चेहरा बघून हात खाली आले. तो चेंडूकडे बघतच नव्हता, हाताकडे बघत होता. मग त्यानं दुसरा मारला, तिसरा, चौथा, थांबेचना.

"आराम से, भैया," हिरालाल म्हणाला. "कोनो ला मारना हे का?"

परतताना ऋता मागच्या सीटवर झोपली. पराग रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता. मग म्हणाला, "एक हिरवी खुर्ची होती. बाबा टॉवेलनं हात बांधायचे खुर्चीला. मला वाटायचं, तसं कधीतरी स्वप्नात बघितलं असेल मी."

"पराग, आणि ऋताचं काय?" घराबाहेर मी त्याला नावानंच हाक मारते.

"आईला काय सांगू? ती काय दुश्मन आहे का तिची?"

"नाहीत. पण आज जेवताना परत घालतील."

त्यानं गाडीचा वेग वाढवला. तेलीबांधा तलाव आला, गेला. माझ्या मनात पाच आठवड्यांची टिंबं, त्यांच्यापुढं आणखी महिने, आणि एक दिवस ऋताही कोणाला तरी "स-स-सर" म्हणणारी.

घरी पानं वाढलेलीच होती. डावीकडं लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडं भाजी, आमटी. आईंचं पान कधी चुकत नाही. आम्ही चटईवर बसलो. आई मोजा घेऊन आल्या, रिबिनीसकट.

"आण माय, बाहुली झोपवू."

ऋतानं हात पुढे केला नाही. परागच्या मोकळ्या हाताकडे बघत म्हणाली, "आजी, ब-ब-ब..." कोणीही तिच्याऐवजी बोललं नाही. मी नखं तळव्यात रुतवून बसले. "बाबानं काढला," तिनं पूर्ण केलं. आणि तो हात मांडीखाली दडपून टाकला.

"बाबा मोठा हाय," आई म्हणाल्या.

परागनं डावा हात भातात घातला. कालवायला गेला तर आमटी ताटाबाहेर. घास उचलला तो तोंडापर्यंत पोचायच्या आत शर्टावर सांडला. चाळिशीला आलेला माणूस, तान्ह्या पोरासारखा. त्यानं परत उचलला, परत सांडला.

"पराग, हे काय करून राहिला तू?"

"आई, माझा हात बाबा बांधायचे ना? हिरव्या खुर्चीला?"

आई तिथंच खाली बसल्या. "तुले आठवते ते?"

"आज आठवलं."

"यांच्यापुढं मी काय बोलणार होती?" त्या मोज्याची रिबीन बोटाला गुंडाळत राहिल्या. "ते कचेरीत गेले का मी सोडून देत होती. रोज दुपारी."

"मग हिचा काहून बांधून राहिली?"

मी मान वर केली नाही. माझ्या एका शब्दानं सगळं फिसकटेल असं वाटत होतं.

"तू लय रडत होता," आई म्हणाल्या. "ही पोट्टी रडतच नाही. म्हणून मले वाटलं, हिले काही होत नसंल."

त्यांनी हातातल्या मोज्यानं परागच्या शर्टावरचा भात पुसला. मग तो मोजा कुठं ठेवावा ते त्यांना कळेना, तसाच मुठीत धरून बसल्या.

"जेव, ऋता," मी म्हटलं.

"क-क-कोणत्या हातानं?"

आईंनी मोजा मांडीवर ठेवला. पुढं वाकून ऋताचं ताट दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच अर्धं फिरवलं. भाजी, आमटी डावीकडं आली. लिंबू, चटणी उजवीकडं.

ऋता आजीकडे बघत होती. मांडीखालचा हात काही लगेच बाहेर आला नाही. आम्ही तिघंही थांबलो. मग आला. त्यावर चटईचे लालभडक वळ उठले होते.