मैत्रीची मराठी पत्रं

आमचा ब्राउझर माजला होता, दुसरा शब्द नाही. एक खिडकी उघडायला जावं तर तीन उघडायच्या. एकीत मला लॉटरी लागलेली, दुसरीत माझ्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलेला, तिसरीत गुडघ्याचं तेल. तेलवाल्याला निदान माझं वय तरी ठाऊक होतं. फुली दाबून एक बंद करावी तर आणखी दोन. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची इतक्या जणांनी एकदम चौकशी करावी, असं कर्वेनगरात आमच्या सोसायटीत तरी होत नाही. तिथे लिफ्टमध्येसुद्धा लोक मोबाइलकडे बघत असतात.

हे सगळं मी सोसलं असतं. पण मैत्रीचं नवं पत्र उघडेना. नुसतं ते चाक गरगर फिरत होतं.

मैत्री माझी मुलगी, मेलबर्नला असते. दर आठवड्याला ईमेल पाठवते, कारण मी व्हॉट्सॲप ठेवत नाही. सकाळी सकाळी गुलाबाची फुलं पाठवणाऱ्या लोकांशी माझं जमत नाही. आधी ती इंग्रजीत लिहायची. मी भराभर नजर फिरवायचो, ऑफिसात परिपत्रकं वाचायचो तशी. आणि गेल्या महिन्यापासून अचानक मराठीत लिहायला लागली. ‘हाय बाबा, तू कसा आहेस? तू वेळेवर जेवतोस का? मी कामात बुडालो आहे. मी फार दमलो. मला तुझी आठवण येते.’

तू! ते वाचून मी उठलो, गॅलरीत एक चक्कर मारली आणि परत येऊन पुन्हा वाचलं.

लहानपणी ती मला तूच म्हणायची. सोसायटीतल्या मुलांत खेळून खेळून ‘मी आलो, मी दमलो’ असंच बोलायची. प्रेमला, माझी बायको, तिला रागवायची. मला गंमत वाटायची. मग प्रेमला गेली. मैत्री तिकडून धावत आली. घर पाहुण्यांनी भरलेलं, विहारातले भन्तेजी येऊन बसलेले, आणि सगळ्यांसमोर ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही बसा, मी बघते.’ तो ‘तुम्ही’ पाहुण्यांबरोबर जायला हवा होता. गेला नाही, मुक्कामालाच राहिला.

त्यामुळे पत्रातलं मराठी कसंही असलं तरी मला चालत होतं. ‘मी तुला भेटण्यासाठी पुढे पाहत आहे’ हे काही मराठी नव्हे. पण इतकी वर्षं परदेशात राहिल्यावर भाषा गंजणारच. फोनवर ती अजूनही तुम्हीच म्हणायची. शेजारी जावई, विक्रम, बसलेला असतो, लाजत असेल, अशी मी माझी समजूत घातली होती. लिहिताना माणूस मोकळं होतं.

रविवारी दुपारी तिला फोन लावला. ‘ब्राउझरला वेड लागलंय. तुझी पत्रं आत अडकलीत.’

‘काय काय टाकून ठेवलंय तुम्ही त्यात, बाबा?’ असं म्हणून तिने एकेक करायला लावलं. कॅशे म्हणजे आत साठलेला कचरा साफ केला, फरक नाही. बंद करून चालू केला, लॉटरी कायम. शेवटी म्हणाली, ‘काढूनच टाका आणि नवा घाला. जुना डेटापण पुसा. तिथे टिक करायचा चौकोन दिसतोय ना?’

‘पत्रं जातील गं.’

‘नाही जात. ती सर्व्हरवर असतात, तुमच्या घरात नसतात.’

मग कॉम्प्युटरबरोबर आलेला दुसरा ब्राउझर उघडला. तो फक्त पहिला उतरवून घेण्यासाठीच दिलेला असतो. नवा इन्स्टॉल होईपर्यंत आम्ही दोघंही फोन धरून बसलो होतो. तिच्याकडे कोणीतरी भांडी लावत होतं. घरात माणसं असल्याचा तो आवाज मला फार बरा वाटला. इन्स्टॉल जरा सावकाश झालं तरी चालेल, असं वाटत होतं.

झालं एकदाचं. पासवर्ड घातला, मेल उघडला. लॉटरी नाही, तेल नाही. आणि मराठीही नाही. मैत्रीची सगळी पत्रं इंग्रजीत.

‘काहीतरी चुकलं बघ. तुझी मराठी पत्रं गेली.’

‘कुठली मराठी पत्रं?’

‘अगं, महिनाभर लिहितेयस ती. तू कसा आहेस, मी दमलो...’ बोलता बोलताच मला कसंनुसं झालं.

ती हळूच म्हणाली, ‘बाबा, मी इंग्रजीतच लिहिते. तुमच्याकडे भाषांतर आपोआप चालू झालं असेल. मशीनला कुठे कळतं, लिहिणारी बाई की पुरुष, आणि कोणाला तू म्हणायचं, कोणाला तुम्ही.’

मी पडद्यावरचं इंग्रजी वाचलं, या खेपेला सावकाश. प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘मिस यू, बाबा’ होतं. म्हणजे आठवण तिची होती. ‘तू’ तेवढा मशीनचा.

लाज वाटली, आणि लाजेपेक्षा वाईट जास्त वाटलं. मग सरळ विचारून टाकलं, ‘पुन्हा मला तू म्हणशील का?’

‘बघते हं,’ ती म्हणाली. ‘बाबा, तू...’ आणि थांबली. परत सुरुवात केली, परत थांबली. ‘नाही हो येत. खोटं वाटतं तोंडात. रागावलात?’

नवा ब्राउझर वरच्या कोपऱ्यात विचारत होता, हे पान मराठीत हवं का.

‘नाही गं,’ मी म्हणालो. ‘तू आपली इंग्रजीतच लिहीत जा.’