कमरेचं माप

नवऱ्याची खाकी पँट चार महिन्यांत तिसऱ्यांदा तिच्या शिलाई मशीनवर येऊन पडली. पहिल्यांदा तो म्हणाला होता, "कापड सैल पडलंय." दुसऱ्यांदा म्हणाला, "धुवून धुवून ताणली गेली." कापड धुतल्यावर आटतं, हे तीस वर्षं लोकांचे कपडे शिवणाऱ्या बाईला माहीत नसेल, असं फक्त तिच्या नवऱ्यालाच वाटू शकतं. या वेळी तर तो पँट टाकून बाहेरच निघून गेला. खुंटीवरच्या पट्ट्याला चार नवी भोकं होती, तीही तिच्याच टोच्याने पाडलेली.

तो बस चालवायचा. थांब्यावरच्या अनोळखी म्हातारीचीही विचारपूस करणारा हा माणूस घरात तोंडाला कुलूप लावून बसायचा. महत्त्वाचा विषय निघाला की त्याची बसची वेळ व्हायची, मग त्या दिवशी सुट्टी का असेना. परवा तिने नुसतं "डॉक्टर" म्हटलं, तर हा चपला शोधायला लागला. आणि खरं सांगायचं तर तीही फार नेट लावत नव्हती. विचारलंच नाही तर कदाचित काही नसेलही, असं तिला वाटे. रात्री त्याच्या पाठीवरून हात फिरवताना मात्र मणके बोटांना लागत.

रविवारी सकाळी तिने युक्ती केली. "अहो, इकडे या. नवीनच पँट शिवते. माप द्या."

माप देणारा पळून जाऊ शकत नाही. ती टेप लावणार आणि तो वहीत आकडे लिहिणार, अशी त्यांची लग्नापासूनची पद्धत. त्याने मुकाट्याने वही घेतली. तिने कमरेभोवती टेप फिरवली. टेप फारच लवकर फिरून आली.

"एकतीस," ती म्हणाली.

पेन्सिल चालली. तिने वाकून पाहिलं. त्याने छत्तीस लिहिलं होतं.

"मी एकतीस म्हणाले."

"ऐकलं."

"मग?"

"छत्तीसचीच शिव. भरेन मी परत."

तिने टेप दोन्ही हातांनी घट्ट धरली. "आता सोडायची नाही मी. बोला."

"बसची वेळ..."

"आज रविवार आहे."

त्याने छत्तीसच्या आकड्यावरून पुन्हा पेन्सिल फिरवली. मग म्हणाला, "पोटात गाठ आहे म्हणाले डॉक्टर. मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाले. दोन महिने झाले."

"दोन महिने?"

"बरोबर घरचं कुणीतरी आणा असं सांगितलं होतं. म्हणजे तुलाच न्यावं लागलं असतं. मग तुला कळलं असतं."

एरवी या अकलेवर ती पोट धरून हसली असती. पण आज नाही. इतके दिवस भीती नुसती होती, आता तिला नाव मिळालं होतं. तिने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली, छत्तीसवर काट मारली आणि शेजारी एकतीस लिहिलं.

"एकतीसची शिवते. आत जास्तीचं कापड ठेवते, पुढे वाढवता येईल. उद्या सकाळी दवाखान्यात तीच घालून चला."

त्याने मान हलवली. ती टेप काढायला गेली, तर त्याने टेपचं टोक धरलं.

"थांब जरा," तो म्हणाला. "मला भीती वाटतेय."

तिलाही वाटत होती. तिने टेप तशीच राहू दिली.