गांजा ओढायचा कुठे?

कायदा आला, गांजा सुटला, शिकागोभर आनंदीआनंद झाला. ओढा बाबांनो हवा तेवढा! फक्त आपापल्या घरात ओढा, रस्त्यावर नको. ऐकायला किती सोपं! पण अर्नेस्टीन गेन्स राहायची सरकारी इमारतीत. तिथे वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारचा नियम, आणि वॉशिंग्टनने गांजा अजून सोडला नव्हता. घरात वास आला की भाडेकरू सामानासकट बाहेर. म्हणजे ज्याचं स्वतःचं घर त्याला सूट, आणि ज्याचं नाही त्याने रस्त्यावर जाऊन पोलिसांच्या हाती सापडावं. वा रे न्याय!

तिला स्वतःला त्या धुराचा तिटकारा होता. चर्चमध्ये पांढरी टोपी घालून पहिल्या बाकावर बसणारी बाई ती. पण तिच्या नवऱ्याला, एल्रॉयला, पोटाचा कॅन्सर झाला आणि औषधांनी त्याची अन्नावरची वासनाच उडाली. चार झुरके मारले तरच घास उतरायचा. म्हणून ती त्याला रोज संध्याकाळी चाकाच्या खुर्चीत बसवून खाली न्यायची, फाटकाच्या आडोशाला उभी राहायची आणि मग वर आणून जेवायला घालायची.

याच गांजापायी तरुणपणी त्याला तुरुंग झाला होता. खिशात एक पुडी, बस्स. बरोबरच्या गोऱ्या दोस्ताच्या खिशातही तेवढीच. त्या गोऱ्याला दम देऊन घरी सोडलं. एल्रॉय काळा, त्याची बस चालवायची नोकरी गेली ती गेलीच. जिथे त्याला पकडलं त्याच कोपऱ्यावर आता गांजाचं चकाचक काचेचं दुकान, आणि दारात गोऱ्या पोरापोरींची रांग!

त्या दिवशी बर्फ भुरभुरत होतं. एल्रॉयने जेमतेम एक झुरका घेतला असेल, तेवढ्यात पोलिसाची गाडी थांबली. पोरसवदा, गोरा शिपाई उतरला.

"मॅडम, ही सार्वजनिक जागा आहे. विझवा ते."

"आजारी आहे रे तो, बाळा. ओढू दे थोडं, म्हणजे जेवेल तरी."

"मग घरात ओढू द्या त्यांना."

"घरात ओढला तर घर जातं. मग जायचं कुठे आम्ही, चंद्रावर?"

"ते मला माहीत नाही. तक्रार आलीय."

अर्नेस्टीनने मान वर केली. समोरच्या नव्या इमारतीच्या गॅलरीत दोन गोरे तरुण मजेत धूर सोडत उभे होते. वास थेट खाली येत होता.

"आणि ते?"

"ते त्यांच्या घरात आहेत, मॅडम."

शिपाई पुढे झाला, तसे एल्रॉयने मांडीवरच्या गोधडीतून दोन्ही हात बाहेर काढून वर केले. कुणी सांगितलंही नव्हतं. हाताला सुया टोचून टोचून काळेनिळे डाग पडलेले, पण हात वर. शिपायाने त्याच्या ओठांतली विडी काढून बुटाखाली चिरडली आणि दंडाची पावती फाडली. हात अजून वरच.

अर्नेस्टीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खाली कर हात!" ती नवऱ्यावरच ओरडली. "खाली कर म्हणते ना! म्हातारा झालास, आता तरी खाली कर!"

वर आल्यावर तिने चवळी, कोंबडी आणि मक्याचा पाव वाढला. एल्रॉयने तोंड फिरवलं.

"नको गं. उलटून पडेल."

कालही तो उपाशीच झोपला होता.  अर्नेस्टीन उठली, त्याच्या कोटाच्या खिशातून दुसरी विडी काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पेटवली.

"वेड लागलं का तुला?" एल्रॉय घाबरला. "मॅनेजर डोनेला याच मजल्यावर राहते. घर जाईल, अर्नी. आजारी माणसाला घेऊन कुठे जाशील?"

"तू उपाशी मेलास तर काय करू या घराला घेऊन? भिंती चाटू? ओढ गुमान!"

त्याने ओढली. खोली धुराने भरली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ती चवळी दे इकडे."

तो दुसऱ्यांदा वाढून घेत होता तेव्हा दार वाजलं. इमारतीची मॅनेजर डोनेला. त्यांच्यातलीच, त्यांच्याच चर्चमधली.

"मिसेस गेन्स, वास पार जिन्यापर्यंत आलाय हो," ती खाली बघत म्हणाली. "मला वर कळवावं लागेल. माझ्याही पोटाचा प्रश्न आहे."

अर्नेस्टीनने दार सताड उघडलं.

"कळव, खुशाल कळव. आणि हेही कळव, की एल्रॉय गेन्स आज पोटभर जेवला."